खांडेकरांचे काय करायचे?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील ग्रंथालयात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचे निमंत्रण देताना आपल्या चिटणीसांनी पत्रासोबत एक यादी जोडली होती. ग्रंथालयातील जी पुस्तके जीर्ण झाली आहेत आणि अलीकडे ज्यांना वाचक मिळत नाही, ती निर्लेखित करावीत अशी सूचना कार्यकारिणीतील तरुण सभासदांनी केली आहे. त्या पुस्तकांची ती यादी. तिच्यात वि. स. खांडेकरांची अकरा पुस्तके आहेत. या अकरा पुस्तकांवरून ग्रंथालयात दोन तट पडले असून एका ज्येष्ठ सभासदांनी राजीनाम्याची भाषा केली आहे, असेही चिटणीसांनी कळविले. मी अर्थशास्त्राचा निवृत्त शिक्षक. या भांडणात मला पंच म्हणून का बोलाविले, याचा विचार मी एस. टी.त बसल्यावर केला. दोन्ही पक्षांना साहित्याचा प्राध्यापक नको असावा, एवढेच मला सुचले.

तरुणांचे म्हणणे मी येथे आल्यावर ऐकून घेतले, आणि ते मला उथळ वाटले नाही. ग्रंथालयाला अनुदान अपुरे मिळते, कपाटे चार, आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसणारी मुले स्पर्धा परीक्षांची पुस्तके मागतात. शिवाय ते असेही म्हणतात की, खांडेकर आमच्याविषयी कधी लिहितच नव्हते. त्यांची माणसे सुंदर बोलतात, त्याग करतात, रडतात. पण ती ऊस तोडत नाहीत. ज्येष्ठांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. ते म्हणतात, आम्ही जे काही झालो ते या पुस्तकांमुळे झालो. आमच्या हयातीत ती रद्दीत जाऊ देणार नाही.

हा वाद उमापूरचा एकट्याचा नाही. खांडेकरांच्या वाट्याला असे दोन टोकांचे वाचक पहिल्यापासूनच आले. ना. सी. फडके यांच्याशी त्यांचा जो वाद महाराष्ट्रात गाजला, तो कला कलेसाठी की जीवनासाठी, या प्रश्नावर. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली ‘कोसला’ लिहून त्या साऱ्या घडणीच्या कादंबरीकडे पाठ फिरविली आणि समीक्षेतून फडके-खांडेकरांच्या परंपरेवर कठोर प्रहार केले. गंमत अशी की, मराठीतला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार १९७४ चा, तो खांडेकरांना. आणि २०१४ चा नेमाड्यांना. पुरस्कार देणाऱ्यांना या भांडणाची अडचण वाटलेली दिसत नाही. इकडे महाराष्ट्रात विद्वान खांडेकरांना भाबडे ठरवीत होते, तेव्हा तामिळ आणि गुजराती वाचक अनुवादांतून त्यांना आपलाच लेखक मानीत होते. प्रेरणा देणाऱ्या लेखकाचे नशीब सर्वत्र असेच असते. ब्राझीलच्या पाउलो कोएलो यांची ‘द अल्केमिस्ट’ ही १९८८ ची कादंबरी आज आपल्याकडच्या मुलांच्या हातात मराठीतून दिसते. तीवरही काही जण आयुष्य उभे करतात आणि काही जण तिची टर उडवितात.

खांडेकरांविषयी एक गोष्ट मात्र वादाच्या दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवी. ध्येयवाद हा त्यांनी दिवाणखान्यात बसून लिहिलेला विषय नव्हता. १८९८ साली सांगलीत जन्मलेला हा मनुष्य १९२० साली कोकणातल्या शिरोडे या आडगावी शाळामास्तर म्हणून गेला आणि १९३८ पर्यंत तेथे राहिला. १९३० साली त्याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. प्रकृती नेहमीच तोळामासा, आणि अखेरच्या वर्षांत दृष्टीही गेली. अशा माणसाने त्यागाविषयी लिहिले तर त्याला ढोंगी म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. परंतु लेखक प्रामाणिक होता एवढ्याने त्याचा विचार बरोबर ठरत नाही.

आता मला थोडे घरचे सांगू द्या.

माझी आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात असे, आणि आक्काही शाळा सोडून तिच्याबरोबर जाऊ लागली. मी बारा वर्षांचा होतो. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी यांची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. दुष्काळ सरला तसे आक्काचे लग्न झाले, आणि बाविसाव्या वर्षी ती कडेवर मुलगी घेऊन माहेरी परत आली. नवरा तापाने गेला होता. त्या काळात गावातल्या एका मास्तरीणबाईंनी तिला ‘अमृतवेल’ वाचायला दिली. ज्यांनी ती वाचली असेल त्यांना आठवेल, नंदाचा नियोजित पती विमान-अपघातात जातो आणि ती हळूहळू पुन्हा जगायला शिकते. आक्काने ते पुस्तक किती वेळा वाचले हे तिलाच ठाऊक. त्यातली वाक्ये ती एका वहीत उतरवून ठेवी. पुढे ती बाहेरून मॅट्रिक झाली आणि अंगणवाडी सेविका म्हणून लागली.

मी त्या वेळी विद्यापीठात अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. मार्क्स थोडा आणि मार्क्सवरची पुस्तके पुष्कळ वाचली होती. सुटीत घरी आलो असता ती वही माझ्या हाती लागली आणि मी तिच्यासमोरच हसलो. म्हणालो, “आक्का, ही साखर आहे. याने पोट भरत नाही.” तिने वही माझ्या हातून काढून घेतली आणि एवढेच म्हणाली, “तुझ्या बुकांत माझ्यासारखीनं सकाळी उठून काय करायचं ते कुठं लिव्हलंय, दाखव मला.”

मी दाखवू शकलो नाही. आजही ते मला नीट जमेल असे वाटत नाही.

ही कथा येथेच थांबली असती तर मी आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या बाजूने निकाल देऊन मोकळा झालो असतो. पण शिक्षक म्हणून माझ्या वाट्याला एक दुसरा वाचकही आला. ऊसतोड कामगारांचा मुलगा. नवरा-बायको मिळून ज्याला आपण एक कोयता म्हणतो, त्या कोयत्याचा हा तिसरा हात. दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडण्यासाठी आईबाप पश्चिम महाराष्ट्रात जात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला त्यालाही जावे लागे. पाच-सहा महिने शाळा बुडे. तो ज्या शाळेत शिकला तेथे दर्शनी भिंतीवर खांडेकरांच्या नावाने ध्येयाविषयीचे एक वाक्य रंगविलेले होते. प्रत्येक गॅदरिंगला पाहुणे त्या वाक्याकडे बोट दाखवून सांगत की, ध्येय पक्के असेल तर परिस्थिती आडवी येत नाही. तो दोनदा नापास झाला, नंतर कसाबसा महाविद्यालयात पोचला. एकदा माझ्याशी बोलताना तो म्हणाला, “सर, ती पाटी वाचली की मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. परिस्थिती आडवी येते असं म्हणायची सोयच नव्हती.”

मित्रहो, एकाच लेखकाच्या वाक्याने एका बाईला उभे केले आणि एका मुलाला खाली मान घालायला लावली. याचा उलगडा मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या वाक्यांत फरक नव्हता. आक्काने आपले पुस्तक आपण निवडले. रात्री दिव्याजवळ बसून वाचले. पटले ते घेतले, नाही ते सोडले. त्या मुलाला ते वाक्य वाचायचे की नाही हे ठरविता येत नव्हते. ते भिंतीवर होते, आणि भिंत त्याची नव्हती. संकटात सापडलेल्या माणसाने स्वतःला दिलेला धीर आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने त्या माणसाला दिलेला उपदेश, यांचे शब्द एक असू शकतात. पण दुसऱ्या प्रकारात तो उपदेश नसून जबाबदारीची टाळाटाळ असते.

याचे उदाहरण शोधायला मला आक्कापासून फार दूर जावे लागत नाही. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. गावोगावच्या बायकांनी ती चालविली. पोरांना खाऊ घालायचे, वजने घ्यायची, गरोदर बायांची नोंद ठेवायची, शिवाय सरकारचे कोणतेही सर्वेक्षण निघाले की घरोघर हिंडायचे. पण या कामाच्या मोबदल्याला वेतन म्हणत नाहीत. त्याला मानधन म्हणतात, आणि काम करणारीला कामगार न म्हणता सेविका म्हणतात. सेवा आणि त्याग हे खांडेकरांचे आवडते शब्द सरकारने उचलले आणि त्यांच्या आडून मजुरी वाचविली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले! योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी.

तेव्हा तरुण मित्र म्हणतील, बघा, आम्ही हेच म्हणत होतो. असली पुस्तके माणसाला गप्प बसवितात. येथे मात्र मला त्यांना अडवावे लागते. आक्का गप्प बसली नाही. मानधनवाढीच्या मोर्चांना ती जिल्ह्याच्या ठिकाणी जात असे आणि मुंबईलाही जाऊन आली. तिच्या पिशवीत भाकरी असे, युनियनच्या पावत्या असत आणि ‘अमृतवेल’ही असे. धीर देणारे साहित्य माणसाला लढ्यापासून दूर नेते, हा सिद्धांत मी स्वतः वर्गात शिकविला आहे. माझ्या घरातच तो खोटा ठरला. पण त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो खोटा ठरला असे मी म्हणू शकत नाही. दोन्ही साक्षी आपल्यापुढे ठेवतो.

आता ‘ययाति’कडे वळतो, कारण यादीतल्या तिच्या प्रतीवरच सर्वांत जास्त वाद झाला असे कळते. १९५९ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९६० साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. भोगाने भोग शमत नाही आणि संयमावाचून सुख नाही, हे त्यांच्या कहाण्यांतून लेखकाला सुचवायचे आहे. खांडेकर निवर्तले त्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, मी कनिष्ठ महाविद्यालयात होतो आणि तेव्हा ती प्रथम वाचली. खरे सांगायचे तर मला राग आला. चार वर्षांपूर्वी मिलो ज्वारीच्या भाकरीसाठी आईने दगड फोडलेला मी पाहिला होता. वासना आवर, असे हा लेखक नेमके कोणाला सांगत होता? आमच्या घरात आवरण्याजोगी वासनाच शिल्लक नव्हती. पुढे १९३२ साली लिओनेल रॉबिन्स यांनी केलेली अर्थशास्त्राची व्याख्या मी शिकलो आणि मग वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली: गरजा अमर्याद, साधने मर्यादित आणि त्यांना पर्यायी उपयोग. ती शिकविताना मी विद्यार्थ्यांना विनोदाने सांगत असे की, रॉबिन्स आणि ययाति हे दोघेही पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान सांगतात. कोणाच्या गरजा आणि कोणाची साधने हे दोघेही विचारीत नाहीत. वर्गात हशा पिके.

निवृत्तीनंतर मी ‘ययाति’ पुन्हा वाचली, आणि या वेळी मला त्यात दुसरेच काही दिसले. म्हातारा बाप मुलाकडे त्याचे तारुण्य मागतो आणि घेतो. आपल्या भोगासाठी पुढच्या पिढीचे आयुष्य वापरून टाकणे, हा त्या जुन्या कथेचा गाभा आहे. तो वाचताना मला आपल्या जिल्ह्याचे पाणी आठवले. माझ्या लहानपणी विहिरीला जे पाणी लागे ते आता कूपनलिकेला शेकडो फुटांवरही लागत नाही. पाऊस कमी पडणाऱ्या मराठवाड्यात आपण ऊस लावला, कारखाने काढले, आणि विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल बोअर, असे करीत गेलो. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बापांनी लेकांचे पाणी पिऊन टाकले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. आणि याच जिल्ह्यातली माणसे दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात, हा या कथेचा उपसंहार खांडेकरांना सुचला नसता.

सतराव्या वर्षी ज्या कादंबरीचा राग आला, तिने साठी उलटल्यावर मला माझ्याच विषयातली गोष्ट दाखविली, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. मात्र खांडेकरांचा उपाय मला आजही अपुरा वाटतो. ते व्यक्तीला संयम शिकवितात. पाण्याच्या बाबतीत एकट्याचा संयम कुचकामाचा. मी माझी मोटार बंद ठेवली तर शेजारी आपली चालू ठेवील आणि जमिनीखालचे पाणी त्याच्याकडे जाईल. मी मात्र संयमी म्हणून कोरडा राहीन. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. पोपटराव पवार १९८९ साली तेथे सरपंच झाले. पुढे त्या गावाने सर्वांनी मिळून ठरविले की, कूपनलिकेच्या पाण्यावर शेती करायची नाही, उसासारखी पिके घ्यायची नाहीत, आणि दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. संयम तोच, पण तो ग्रामसभेचा नियम झाला. कादंबरीतल्या कचाला जे एकट्याने तप करून साधावे लागते, ते एका गावाने हात वर करून साधले. प्रत्येक गावाला ते जमेलच असे नाही. जमिनीची वाटणी जेथे फार विषम आहे तेथे हात वर करायलाही भीती वाटते, हे आपण जाणता.

राहता राहिला आपल्या यादीचा प्रश्न. त्या यादीतली अकरा पुस्तके मी काल कपाटातून काढून पाहिली. चारांची पाने खरोखरच हाताला लागली की तुटतात. ती बाद करावीत, त्यात भावनेचा प्रश्न नाही. इतर सात चांगली आहेत. ती वाचली जात नाहीत याचे एक कारण असेही असू शकेल की, ती सर्वांत वरच्या फळीवर आहेत आणि आपली शिडी मोडलेली आहे. चिटणीसांनी हसू नये, मी स्वतः स्टुलावर चढून पाहिले.

तरुण सभासदांना माझी एक विनंती आहे. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही ‘ययाति’च्याच वर्षी, १९५९ साली प्रसिद्ध झाली. एकाच भाषेत एकाच वर्षी एका लेखकाने भोग न आवरणाऱ्या राजाची कथा लिहिली आणि दुसऱ्याने भुकेल्यांसाठी धान्य लुटणाऱ्या फकिराची. आपल्या ग्रंथालयात ही दोन पुस्तके दोन वेगळ्या कपाटांत आहेत आणि त्यांचे वाचकही वेगळे आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन्ही तटांनी एकत्र बसून ती दोन्ही वाचावीत. ज्येष्ठांनी ‘फकिरा’वर बोलावे आणि तरुणांनी ‘ययाति’वर. भांडण होईल. होऊ द्या. पूर्वी या भागात उर्दूतून शिकलेल्या माझ्या वडिलांसारख्या माणसांनी मराठी पुस्तक धडपडून मिळविले आणि त्यावर रात्र रात्र भांडण केले, ते मी लहानपणी ऐकले आहे.

येथे येण्याआधी मी आक्काला भेटलो आणि यादीची हकीकत सांगितली. ती आता सत्तरीत आहे, डोळ्यांना फार वाचवत नाही. तिने ट्रंकेतून ‘अमृतवेल’ काढून दिली. पुठ्ठा सुटलेला आहे, शिवणीला सुतळीचा टाका घातला आहे, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अंगणवाडीतल्या कोणत्या तरी मुलांची वजने लिहिलेली आहेत. वहीबद्दल मात्र तिने विचारू दिले नाही. हे पुस्तक ग्रंथालयाला देणगी म्हणून तिने पाठविले आहे आणि त्यासोबत एक अट घातली आहे: चौदा दिवसांत परत आणणाराला द्यावे, आणि आणले नाही तर दंड घ्यावा. चिटणीसांनी ते दाखल नोंदवहीत चढवून मला पावती द्यावी. ती मला तिला नेऊन दाखवायची आहे.